पहिली पेटी परदेशी पाठवताना

फेब्रुवारी उजाडला, तासगाव-कवठेमहांकाळकडच्या बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं चढायला लागली, की माझा फोन वाजायला लागतो. "साहेब, दुबईला बेदाणा पाठवायचाय. कंटेनर केवढ्याला पडेल?" मी विचारतो, "घेणार कोण आहे?" पलीकडून उत्तर ठरलेलं: "ते बघू की. आधी माल तर तयार करू."

सांगलीत निर्यातीची कागदपत्रं करून देणं हा माझा धंदा. बेदाणा, हळद, थोडा गूळ, मधूनच कुपवाडच्या एमआयडीसीतला एखादा यंत्राचा सुटा भाग आणि वर्षाकाठी मिरजेतले दोन-चार तानपुरे, एवढं माझ्या टेबलावरून जातं. "माल न्हावा-शेव्याला अडला" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय, आणि दर वेळी फाइल उलगडून बघितली की दिसतं ते वेगळंच. माल शेडमध्येच अडलेला असतो, नाहीतर भावाच्या कागदात, नाहीतर पैशांच्या अटीत. बंदरावर ते फक्त उघडकीला येतं. म्हणून इथे क्रम उलटा घेतलाय. आधी घेणारा, मग त्याच्या देशाचे नियम, मग आपलं शेड, मग भाव आणि पैसे, आणि शेवटी कागद. बहुतेक जण कागदापासून सुरुवात करतात. आयईसी, म्हणजे निर्यातीला लागणारा सरकारी कोड, काढतात, फर्मचं नाव ठेवतात, व्हिजिटिंग कार्डावर पृथ्वीचा गोल छापतात आणि तिथेच वर्ष जातं.

घेणारा कुठे आहे?

पहिलं काम म्हणजे आपल्या मालाचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, काढणं. बेदाण्याचा ०८०६२०, हळदीचा ०९१०३०, सतार-तानपुरा ९२०२ मध्ये. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, आपल्याकडे पुढे दोन लागून आठ होतात. हा कोड हातात आला की बाजार घरबसल्या तपासता येतो. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचं ट्रेड मॅप हे संकेतस्थळ उघडा. विकसनशील देशांना निर्यातीला मदत करायलाच ही संस्था १९६४ मध्ये निघाली. तिथे कोड टाकला की कोणता देश किती माल घेतो, कुणाकडून घेतो आणि सरासरी काय भावाने घेतो ते दिसतं. युरोपचा विचार असेल तर नेदरलँड्स सरकारच्या सीबीआय या संस्थेचे अहवाल वाचा. १९७१ पासून ती हेच काम करते, आणि मसाले व सुक्या फळांवरचे तिचे अहवाल फुकट मिळतात. आपल्याकडे 'बायर लिस्ट' म्हणून पाच-दहा हजारांना जे विकतात, त्यापेक्षा यात कितीतरी जास्त माहिती असते. वीस हजार भरून तीन दिवसांत निर्यातदार बनवणाऱ्या शिबिरांबद्दल बोलत नाही. शिकायचंच असेल तर पुण्याला राज्य कृषी पणन मंडळाचा निर्यात प्रशिक्षण वर्ग असतो, तिथे जा.

आकडे बघताना एक कळेल. जगात बेदाणा विकणारे आपण एकटे नाही. तुर्कस्तान, इराण, उझबेकिस्तान, दक्षिण आफ्रिका, सगळे बाजारात आहेत, आणि अफगाणी माल तर आपल्याच देशात येऊन आपल्याशी भिडतो. युरोपातल्या बिस्किटाच्या कारखान्याला लागणाऱ्या स्वस्त बेदाण्यात तुर्कस्तानशी भावात भांडू नये, हे माझं स्पष्ट मत. आपला लांबट, हिरवट-पिवळा, पातळ सालीचा बेदाणा हातात घेऊन निवडणारं गिऱ्हाईक वेगळं आहे. आखातातल्या, मलेशियातल्या, इंग्लंडातल्या भारतीय किराणा दुकानांना माल पुरवणारे घाऊक व्यापारी हे पहिल्या वर्षाचं खरं गिऱ्हाईक.

हळदीचंही तसंच. परदेशी खरेदीदार पहिला प्रश्न कुर्कुमीनचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचा, टाकतो. अर्क काढणाऱ्या कारखान्याला कुर्कुमीन भरपूर लागतं, त्याला मेघालयाची लाकाडोंग परवडते. आपली राजापुरी रंगावर आणि जाड हळकुंडावर विकली जाते. जे नाही ते आहे म्हणून सांगू नका, प्रयोगशाळेचा कागद तिसऱ्या दिवशी खोटं पाडतो.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण सांगलीत राहतो म्हणून ते चिन्ह पाकिटावर छापता येत नाही. त्यासाठी 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती करून ठेवा. परदेशी दुकानदाराला तेवढीच एक गोष्ट सांगायला मिळते.

खरेदीदाराला पहिली ईमेल लिहाल ती दहा ओळींची असू द्या. "आम्ही अग्रगण्य उत्पादक आहोत" हे वाक्य काढून टाका, तो रोज अशा पन्नास ईमेल पुसतो. माल कोणता, कोणत्या हंगामाचा, दाण्याचा आकार, ओलावा किती टक्के, गंधक किती, पॅकिंग कितीचं, महिन्याला किती देऊ शकता आणि नमुना कधी पाठवाल, एवढंच लिहा. दुबईचं गल्फफूड, कोलोनचं अनुगा अशा प्रदर्शनांत पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या दालनात कोण काय विकतंय ते फिरून बघा, हातात नमुन्याच्या पुड्या ठेवा.

आणि वाशीच्या निर्यातदाराला माल देणं यात कमीपणा काही नाही. दोन हंगाम त्याला द्या. तो माल का नाकारतो, कुठे पैसे कापतो ते वहीत लिहा. त्या वहीएवढं शिक्षण फी भरून मिळत नाही.

शेडमध्ये काय बघायचं

इथे जरा थांबतो, कारण निम्मी निर्यात इथेच ठरते.

गेल्या हंगामात एका तरुण शेडमालकाने नमुन्याची पंधरा किलोची पेटी आणून टेबलावर ठेवली. वरचा थर बघण्यासारखा होता, एकसारखा पोपटी-पिवळा. मी पेटी वर्तमानपत्रावर पालथी केली. मधल्या थरात देठ निघाले, कोपऱ्यात साखर धरलेला गोळा, आणि तळाला हरभऱ्याएवढा एक खडा. तो म्हणाला, "अहो, सौद्यात एवढं चालतंय की." सौद्यात, म्हणजे मार्केट यार्डातल्या लिलावात, चालतं, खरं आहे. सौद्यात व्यापारी ओंजळभर बेदाणा उधळतो, तोंडात टाकतो, भाव बोलतो. पण तिकडे कुणाच्या तरी दाताखाली तो खडा आला, तर सगळी खेप दुकानांतून परत मागवावी लागते, आणि तो खर्च तुमच्या नावावर पडतो. तेव्हा व्हायब्रेटर, देठ काढणारं यंत्र, रंगाची छाननी करणारं सॉर्टेक्स आणि धातुशोधक, या चार गोष्टी एकतर स्वतःच्या हव्यात, नाहीतर ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून माल काढून घ्यायला हवा.

डोळ्यांना दिसणारं झालं, आता न दिसणारं. आपण द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून रॅकवर टाकतो, पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतो. किलोला १० मिलिग्रॅमच्या वर सल्फर डायऑक्साइड असेल तर युरोपात ते लेबलावर लिहावंच लागतं. धुरी 'अंदाजाने' देणाऱ्यांचा आकडा प्रत्येक लॉटला वेगळा येतो, आणि लेबल तर एकच छापलेलं असतं. गंधक वजन करून वापरा, किती तास धुरी दिली ते भिंतीवरच्या पाटीवर लिहा. पाऊस लागलेल्या, रॅकवर जास्त दिवस राहिलेल्या मालात बुरशी धरते, आणि बुरशीतून ऑक्राटॉक्सिन तयार होतं. बेदाण्यासाठी युरोपची मर्यादा किलोला ८ मायक्रोग्रॅम. हे विष पाखडून किंवा धुऊन जात नाही.

तिसरी गोष्ट फवारणी. २०१० चा हंगाम द्राक्षवाल्यांच्या अजून लक्षात आहे. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो, त्याचे अंश सापडले आणि युरोपात कंटेनरच्या कंटेनर अडकले. वाढ रोखायला सर्रास वापरलेलं संजीवक होतं ते. ताज्या द्राक्षांना अपेडाची ग्रेपनेट ही बागेपासून पेटीपर्यंत माग ठेवणारी व्यवस्था आहे. बेदाण्याला आपला माग आपणच ठेवायचा. तीस शेतकऱ्यांची द्राक्षं एका शेडवर येत असतील तर तीस फवारणीच्या वह्या मागून घ्या. ज्याची वही नाही त्याचा माल देशी बाजारात विका, निर्यातीच्या लॉटमध्ये मिसळू नका. एका बागेचे अंश पाच टनांना बाद करतात.

हळदीत मुख्य भीती शिशाची. हळकुंडाला पॉलिश करताना पिवळेपणा वाढवायला कुणी लेड क्रोमेट लावलं असेल तर ते डोळ्याला छानच दिसतं. अमेरिकेत २०१६ मध्ये शिशामुळे हळद पावडर दुकानांतून परत मागवल्या गेल्या, तेव्हापासून तिकडचा खरेदीदार शिशाचा रिपोर्ट आधी मागतो आणि भाव नंतर विचारतो. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचंच दुसरं विष, त्याची युरोपची मर्यादा हळदीला बी-१ या प्रकारासाठी किलोला ५ आणि एकूण १० मायक्रोग्रॅम. निर्जंतुक करायला इथिलीन ऑक्साइड वायू वापरलेला युरोपला चालत नाही, आणि २०२४ मध्ये हाँगकाँग-सिंगापूरने याच कारणावरून काही भारतीय मसाले अडवले होते. वाफेने निर्जंतुक करून घ्या, खर्च जास्त येतो पण झोप लागते. शिजवलेली हळद मातीच्या खळ्यावर न टाकता ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर वाळवा, आणि कोंबड्या-कुत्री तिथे फिरकणार नाहीत असं कुंपण घाला. हे लिहायला हसू येतं, पण खरेदीदाराचा माणूस पाहणीला आला की पहिल्यांदा तेच बघतो. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, हा आपला अभिमान, पण २००५ च्या महापुरात त्यात पाणी शिरून हळद सडली होती. निर्यातीचा लॉट उंचावरच्या कोरड्या गोदामात, भिंतीपासून फूटभर लांब, पॅलेटवर ठेवा.

तपासणीला नमुना पाठवताना चांगला दाणा वेचून पाठवायचा मोह होतो. रिपोर्ट तुमच्या भिंतीवर लावायला छान होईल, लॉटशी त्याचा संबंध राहणार नाही. दहा-पंधरा पेट्यांतून, वरून-मधून-तळातून मुठी काढा, एकत्र करा, त्याचे तीन भाग करा. एक प्रयोगशाळेला, एक खरेदीदाराला, एक तुमच्या कपाटात. एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच द्या, आणि खरेदीदाराला तिचा रिपोर्ट चालतो का ते आधी विचारा. मसाल्यांसाठी स्पायसेस बोर्डाची स्वतःची प्रयोगशाळा नवी मुंबईत आहे.

भाव सांगण्याआधी

सौद्यातल्या भावावर दहा रुपये टाकून भाव सांगणारे मी बघितलेत. ते पहिल्या खेपेला आनंदात असतात आणि दुसऱ्या खेपेपासून फोन उचलत नाहीत.

पाच टन बेदाण्याचा हिशेब करून बघू. आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. खरेदी किलोला २०० रुपये. निवडून, देठ काढून चार टक्के घट धरली तर तोच किलो २०८ रुपये ३३ पैशांना पडतो. पॅकिंग ६ रुपये. तपासण्यांचे २५,००० रुपये पाच हजार किलोंवर वाटले तर ५ रुपये. बंदरापर्यंत ट्रक ३ रुपये. कस्टम एजंट आणि बंदराचे खर्च मिळून ४५,०००, म्हणजे ९ रुपये. बँक आणि कुरियर २ रुपये. पैसे अडीच महिने अडकतात, त्याचं व्याज ५ रुपये. झाले २३८ रुपये ३३ पैसे. त्यावर आठ टक्के नफा धरला तर २५७ रुपये ४० पैसे. डॉलर ९० रुपये धरला तर भाव २.८६ डॉलर.

आता डॉलर ८८ वर आला तर? तुमच्या हातात २५१ रुपये ६८ पैसे येतात. डॉलर दोन रुपयांनी हलला आणि १९ रुपयांचा नफा १३ वर आला. म्हणून भावाखाली "सात दिवसांपुरता" अशी ओळ नेहमी लिहा. आणि हाच हिशेब पाचशे किलोंचा केलात तर तपासणीचा खर्च किलोला ५ ऐवजी ५० होतो. छोटी खेप पहिल्यांदा शिकायला पाठवायची असते, त्यात कमाई शोधू नका.

भाव कुठपर्यंतचा तेही स्पष्ट हवं. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत खर्च आणि जोखीम तुमची. सीआयएफ म्हणजे समुद्राचं भाडं आणि विमाही तुम्ही भरायचा. नवख्याने एफओबीच सांगावा. जहाजाची भाडी महिन्यात दुप्पट झालेली मी बघितलीयत. सरकारी परतावे, म्हणजे ड्यूटी ड्रॉबॅक आणि २०२१ पासून आलेलं रोडटेप, भावात धरू नका. दर बदलतात, आणि शिपिंग बिलावर, म्हणजे कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या कागदावर, तशी मागणी नोंदवायची राहिली तर मिळतही नाहीत. मिळाले तर दिवाळीला.

खरेदीदाराला तुमच्या मालावर किती आयातकर पडतो हेही काढा. अमिरातीशी आपला करार १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. करारातली सवलत घ्यायला मूळ देशाचा दाखला लागतो, तो ऑनलाइन निघतो. काही वेळा त्या दाखल्यामुळे खरेदीदाराचा जो कर वाचतो, तो तुमच्या नफ्यापेक्षा मोठा असतो. भावाच्या बोलणीत हे हातचं ठेवा.

पैसे

अडत्याकडे माल टाकून पैशांची वाट बघायची आपल्याला सवय आहे. तिथे निदान तो अडत्या मार्केट यार्डातच भेटतो. रॉटरडॅमच्या माणसाच्या दारात जाऊन बसता येत नाही.

पहिल्या व्यवहारात निदान तीस टक्के आगाऊ घ्या, आणि उरलेले बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल चढल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीची, प्रत दाखवल्यावर, मूळ कागद हातातून सोडण्याआधी. जो खरेदीदार आगाऊ काहीच द्यायला तयार नाही, त्याच्याशी बँकेमार्फत 'कागद दाखवा, पैसे द्या' म्हणजे डीपी करता येतं. पण त्यातही फट आहे. भाव पडला तर तो कागद सोडवायलाच येत नाही, माल बंदरात पडून राहतो, रोजचं भाडं चढतं, आणि काही देशांत त्याच्या संमतीशिवाय माल परतही आणता येत नाही. मग तोच फोन करून म्हणतो, "वीस टक्के कमी करा, घेतो." डीए म्हणजे उधारी. तीन-चार वर्षांचा संबंध होईपर्यंत त्या वाटेला जाऊ नका.

एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने पैशांची दिलेली हमी, सुरक्षित म्हणतात. असते, कागद बिनचूक असतील तर. बँक मालाकडे बघत नाही, फक्त कागद वाचते. माझीच चूक सांगतो. एलसीत मालाचं वर्णन 'गोल्डन रेझिन्स' होतं आणि मी सवयीने इनव्हॉइसवर 'येलो रेझिन्स' टाइप केलं. माल तोच, पेट्या त्याच. बँकेने तफावत काढली, खरेदीदाराचा त्या आठवड्यात भाव पडलेला होता, त्याने संधी साधली आणि माझ्या गिऱ्हाइकाला किलोमागे सहा रुपये सोडावे लागले. त्या दिवसापासून एलसी आली की मी ती छापतो, एकेक ओळ पट्टी ठेवून वाचतो आणि पाळता न येणारी अट माल निघायच्या आधी बदलून घेतो. कागद बँकेत द्यायची मुदतही बघा. वेगळं काही लिहिलं नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवस.

खरेदीदार पैसे बुडवेल ही भीती असेल तर ईसीजीसीचा विमा आहे. १९५७ पासूनची ही सरकारी संस्था खरेदीदाराची पत तपासून मर्यादा ठरवते. विमा घेतला नाहीत तरी त्या निमित्ताने खरेदीदार कसा आहे ते कळतं. ईसीजीसीने मर्यादा द्यायला नकार दिला तर तेही एक उत्तरच समजा.

फसवणुकीचे दोन नमुने पाठ करून ठेवा. एक, मोठी ऑर्डर देणारा अनोळखी माणूस जो "आमच्या देशात पुरवठादार नोंदणीची फी" आधी मागतो. निर्यातदाराने खरेदीदाराला फी द्यायची नसते. दोन, ऐन पैसे यायच्या वेळी ईमेल येते की आमचं, किंवा तुमचं, बँक खातं बदललंय. ईमेलचा पत्ता एका अक्षराने वेगळा असतो. खात्याचा बदल नेहमी फोनवर, जुन्याच नंबरवर विचारून घ्या.

कागद, झटपट

खरेदीदार, माल आणि भाव ठरला असेल तर कागद महिन्याभरात होतात. आयईसी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर निघतो, फी ५०० रुपये. हल्ली तो तुमच्या पॅनचाच क्रमांक असतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो तपासून अद्ययावत करावा लागतो, काही बदल नसला तरी. हे विसरलं की कोड बंद पडतो आणि ते कळतं ट्रक बंदरावर उभा असताना. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना. बेदाणा, गूळ अपेडाकडे, हळद स्पायसेस बोर्डाकडे नोंदवायची. ज्या मालाला स्वतंत्र मंडळ नाही त्यांच्यासाठी फियो हा निर्यातदारांचा महासंघ आहे. बँकेकडून एडी कोडचं, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेच्या क्रमांकाचं, पत्र घेऊन ते कस्टमच्या आइसगेट या संकेतस्थळावर नोंदवा. जीएसटीसाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी हे हमीपत्र भरा, म्हणजे कर न भरता निर्यात करता येते. पण इनव्हॉइसपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर जायला हवा, नाहीतर कर व्याजासकट भरावा लागतो.

अमेरिकेला खाद्यमाल पाठवायचा तर तिथल्या एफडीए या अन्न-औषध खात्याकडे कारखान्याची नोंदणी लागते, आणि ती दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पुन्हा करावी लागते. आखातासाठी लेबल अरबीत हवं. वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो की नाही ते खरेदीदाराच्या देशावर आणि मालावर ठरतं. तो मागेल का हे त्यालाच लेखी विचारा.

एक तानपुरा

सगळ्यांना कंटेनर लागत नाही. मिरजेतले एक चाचा, पिढीजात सतारमेकर, मागे माझ्याकडे आले. मेलबर्नच्या एका गाणाऱ्या बाईंनी तानपुरा मागवला होता. "पार्सल करून द्या," एवढंच म्हणाले. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. मी विचारलं, "चाचा, घोडी कशाची केलीय? शिंगाची तर नाही ना?"

ते गप्प झाले, मग म्हणाले, "जुन्या पद्धतीने करायला सांगितलं होतं त्यांनी." हस्तिदंत आणि सांबरशिंग वन्यजीव कायद्याने निर्यातीला बंद आहे. एका वाद्यात तेवढा तुकडा निघाला तरी वाद्य जप्त होऊन गुन्हा दाखल होऊ शकतो. चाचांनी आठवड्यात घोडी बदलली. लाकडाचाही प्रश्न असतो. शिसवाच्या जाती सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. तयार वाद्यांना आता बरीच सूट आहे, पण लाकूड कोणतं ते लिहून द्यावं लागतं. हा तानपुरा तुणीच्या लाकडाचा होता, सुटलो.

मग आम्ही एक पान केलं: भोपळा वाळवलेला, आत बी नाही, कीड नाही, दांडी तुणीची, नक्षी प्लास्टिकची, घोडी लाकडाची, तारा पोलाद आणि पितळेच्या. ऑस्ट्रेलियात वनस्पतिजन्य गोष्टींची तपासणी फार कडक असते, त्यामुळे ते पान पेटीवरच चिकटवलं. तारा सैल केल्या, घोडी काढून वेगळी गुंडाळली, भोपळ्याभोवती फोम भरला. बाहेरची पेटी लाकडी करायची तर उष्णता दिलेल्या, 'एचटी' असा शिक्का असलेल्या लाकडाची लागते. लाकडाच्या गाभ्याला ५६ अंशांवर ३० मिनिटं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आम्ही फायबरची केस घेतली, भानगडच नको.

अशा सुट्या मालाला टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं सोयीची. आयईसी असला की टपालाचं निर्यात बिल ऑनलाइन भरायचं, पार्सल पोस्टात द्यायचं, कस्टमची तपासणी ते करून घेतात. मसाल्याची पाकिटं, घोंगडी, हस्तकला विकणाऱ्या बचत गटांनी इथूनच सुरुवात करावी. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून पेटीवर 'मिरज' ठळक लिहा, भले आत वाद्यावर नाव कुणाचंही असो.

ट्रक निघाल्यावर

कंटेनर भरायच्या आधी आत शिरून दार लावून घ्या. कुठून उजेड येतो का बघा, येत असेल तर तिथून पाणीही येईल. वास घ्या. आधी कांदा किंवा रसायन गेलेलं असेल तर बेदाणा तो वास ओढून घेतो. रिकामा, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला आणि सील लावलेला, असे चार फोटो काढा, सीलचा नंबर वाचता येईल असे. समुद्रावर दिवसा तापून आणि रात्री गार पडून कंटेनरला आतून घाम येतो. छताला क्राफ्ट कागद आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या लावायला हजार-दोन हजार लागतात, ते वाचवू नका.

माल गेला की पुढचे काही दिवस ट्रॅकिंग बघत बसण्यापेक्षा बँकेच्या मागे लागा. पैसे आले की ते त्याच शिपिंग बिलाशी जोडले गेलेत का बघा आणि ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचा ऑनलाइन दाखला, करून घ्या. ते राहिलं की बँकेच्या यादीत ती खेप 'थकीत' दिसत राहते आणि पुढच्या वेळी अडते.

आणि कपाटातली ती तिसरी पुडी. तिच्यावर लॉट नंबर, शेडचं नाव, पॅकिंगची तारीख आणि कंटेनर नंबर लिहिलेला असू द्या. मालाच्या मुदतीपर्यंत ती फेकायची नाही. गेल्या पावसाळ्यात दोहाहून तक्रार आली, माल काळा पडलाय, फोटोही आले. शेडमालकाने पुडी उघडली, टेबलावर ओतली, बाजूला त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवलं आणि फोटो काढून पाठवला. दोहावाल्यांच्या फोटोतल्या पेटीवरचा लॉट नंबर आमचा नव्हताच.